पिंजाराची भिंत आपल्या पावसात टिकंल काय? रंकाळ्यावरचा वाद

काल कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर विषय निघाला आमच्या भुदरगडकर दोस्ताच्या घराचा. गावाकडं जुनं कौलारू घर, पांढऱ्या मातीच्या भिंती, सोपा, माजघर, आणि परड्याच्या अंगाला त्याला आईवडलांसाठी 12 बाय 15 ची एक खोली वाढवायचीय. ती पण विटांची नाही, भाताच्या पिंजाराचे, म्हणजे वाळलेल्या काडाचे, मशीननं आवळून बांधलेले चौकोनी गठ्ठे एकावर एक रचायचे आणि वरनं गिलावा. एवढं ऐकलं आणि सगळे एकदम बोलायला लागले.

दाजी पहिले. "लगा, म्हशीनं काय खायाचं मग? वैरण भिंतीत घालतोस व्हय?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीच, आपला जिल्हा दुधावर चालतो. म्हणून तिथंच हिशोब मांडला. एक भिंत जुन्या घराची, नव्या तीनच, 9 फूट उंची धरली आणि दारं-खिडक्या वजा केल्या तर शंभराच्या आत-बाहेर गठ्ठे लागतात, एक गठ्ठा 15-16 किलोचा, म्हणजे दीड टनाच्या आसपास पिंजार, साधारण एका एकराचं. तेपण एकदाच. दाजी म्हणाले मग उसाचं पाचट घाल की, फुकट हाय. ते मला पटलं नाही, पाचट म्हणजे पानं, त्याला काडीचा ताठपणा नाही आणि ते शेतात कुजवलं तर जमिनीला जास्त उपयोगी. भाताच्या काडीत सिलिका भरपूर असते, त्यामुळं ती सावकाश कुजते, भिंतीला तीच बरी.

मग आण्णा, ज्यांचं आयुष्य गवंडीकामात गेलं. "2019 ला मातीची घरं कशी बसली बघितलंस न्हवं? माती टिकली न्हाई, ह्ये तर गवात हाय."

इथं मी आण्णांच्याच बाजूचा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, 2019 ला पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली आणि 2021 ला परत आली. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावात कुणी असली भिंत घालायची म्हटला तर मी आडवा पडीन, कारण गठ्ठा एकदा बुडाला की आतनं वाळत नाही, काळा पडून कुजतो, भिंत फोडूनच काढावी लागते. पण ह्याचं घर उंचावर माळाला आहे, पुराचा प्रश्न नाही, प्रश्न वरनं पडणाऱ्या पावसाचा.

आमच्यातल्या इंजिनिअरनं मग अमेरिकेचं काढलं. नेब्रास्कात 1800 च्या शेवटी गठ्ठे बांधायची मशीन आली, वाळूच्या टेकड्यांत लाकूड मिळंना म्हणून लोकांनी गठ्ठ्यांच्याच भिंतींवर छप्पर टेकवलं, आर्थर गावचं 1928 चं असलं चर्च अजून उभं आहे. आण्णांनी एकच विचारलं, "तिथं पाऊस किती?" बरोबरच विचारलं. तिथं वर्षात जेवढा पडतो तेवढा आपल्या डोंगरी तालुक्यात नुसत्या जुलैत पडतो. म्हणून माझं म्हणणं, नेब्रास्काची रीत इथं नको, फ्रान्सची घ्या. मोंतार्जीला 1920 च्या सुमाराला बांधलेलं घर आहे, त्यात वजन सगळं लाकडी सांगाड्यावर आणि गठ्ठे नुसते मधी भरलेले. आपल्याला हे का सोयीचं, तर खांब उभे करून कौलं आधी चढवता येतात आणि गठ्ठे छपराखाली कोरड्यात रचता येतात. भात निघतं दिवाळीच्या आगंमागं, पिंजार वाळतंय तोवर जोतं आणि सांगाडा होतो, मेच्या आत गिलावा वाळून खडखडीत. फक्त रचताना ओलावा मोजायचा मीटर घाला, 20 टक्क्याच्या वर असलेला गठ्ठा सरळ गोठ्याकडं पाठवायचा.

जोतं जांभ्याचं, निदान दोन फूट, सगळ्या बाजूनं उघडं दिसणारं, म्हणजे वाळवीची मातीची वाट चढायला लागली की लगेच दिसती. वळचण चांगली तीन फूट बाहेर, पश्चिमेला तर पडवीच काढा, तिरका पाऊस तिकडनंच येतो.

आगीचं म्हणाल तर दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही, अमेरिकेत 2006 च्या चाचणीत मातीच्या गिलाव्याची भिंत एक तास आणि चुना-सिमेंटची दोन तास टिकली. धोका असतो तो बांधताना, खाली सांडलेल्या मोकळ्या पिंजाराचा. तिथं बिडी बंद म्हणजे बंद.

खरी जुंपली गिलाव्यावर. आण्णा म्हणाले सिमेंटचा मारा, पाणी शिरणार नाही. मी म्हटलं आण्णा, पाणी कुठनं ना कुठनं शिरतंयच, खिडकीच्या कडंनं, खिळ्याच्या भोकातनं, ते परत बाहेर पडलं पाहिजे, सिमेंट त्याला आत कोंडतंय आणि बाहेरनं भिंत गुळगुळीत दिसत असताना आत सगळं सडत असतंय. चुना आणि माती वाफ सोडतात. आण्णांचे वडील घाण्यात चुना मळायचे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं, त्यामुळं जरा गप्प झाले, पण पटलं म्हणाले नाहीत.

वर त्यांनीच सगळ्यात मोलाचा मुद्दा काढला, जो माझ्या डोक्यातच नव्हता. जुनं छप्पर आणि नवं छप्पर जिथं मिळतं तिथली पन्हळ. "वाढीव खोली भिंतीनं न्हाई गळत, जोडानं गळती." आणि जुनी मातीची भिंत जमिनीतनं ओल ओढती, तिला गठ्ठा चिकटवला तर ती ओल सरळ पिंजारात. म्हणून नवं छप्पर जुन्या वळचणीच्या खालनं काढायचं, पन्हळच ठेवायची नाही, आणि जुन्या भिंतीला लागून लाकडी खांब, मधी फट ठेवून चुन्यानं भरायची. इंजिनिअरनं तिथंच मोबाईलवर काढून घेतलं.

भुदरगडकर मग पहिल्यांदा बोलला. कौलाखाली फळ्यांचा माळा करून वर पण गठ्ठे टाकणार, कारण उन्हाळ्यात घर तापतंय ते जास्ती वरनं, नुसत्या भिंती जाड करून आईला गारवा मिळणार नाही. हे त्याचं अगदी खरं.

शेवटी आण्णांनी अट घातली. खोली पुढच्या दिवाळीनंतर. त्याआधी मिरगाच्या आत परड्यात माणसाएवढी एक भिंत, वर पत्रा, व्हळीत रचून ठेवलेल्या पिंजाराचे गठ्ठे, अर्ध्याला सिमेंट आण्णा स्वतः मारणार, अर्ध्याला चुना आम्ही. दसऱ्याला दोन्हीकडनं फोडून हात घालून बघायचं. दाजी म्हणाले गठ्ठे बांधणारा मी आणतो, पण कोरडं निघालेलं पिंजार माझ्या म्हशीला.