बक्षीस चिठ्ठ्या मोजून देऊ नका

रुग्णालयातला ‘उत्कृष्ट फार्मासिस्ट’ निवडताना दिवसाला डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्या हातावेगळ्या केल्या हा निकष धरावा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. साफ चुकीचं! मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. रांग झटपट हलवणारा सगळ्यांनाच आवडतो, पण वेळेला अडवणारा खरा कामाचा. मध्यंतरी आमच्याकडे शिकायला आलेल्या डी. फार्म.च्या (औषधशास्त्र पदविकेच्या) मुलीने एका आजोबांना पिशवी परत उघडायला लावली. इन्सुलिनची बाटली मिलीलिटरला ४० युनिटवाली, सिरिंज मात्र नारिंगी टोपीची, म्हणजे मिलीलिटरला १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची. २० च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर अंगात ८ च युनिट गेली असती. तिने लाल टोपीची, म्हणजे ४० युनिटवाली सिरिंज दिली, वर आजोबांकडून भरून दाखवून घेतली. मागची रांग कुरकुरत होती. लेखातल्या हिशोबाने ती त्या दिवशी नापासच.

शिकाऊ मुलांना लेखात एका ओळीत उरकलंय, तेही खटकलं. डिप्लोमावाले किमान ५०० तास राबतात, फार्म. डी. या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सहावं वर्षभर. हातात पडतं ते सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. निवड समितीने त्यापेक्षा फार्मसीतून डॉक्टरांना गेलेल्या फोनची नोंदवही मागवावी: कुठला डोस खटकला, कोणी विचारलं, काय बदललं. बऱ्याच ठिकाणी अशी वही मुळात सुरू करण्यापासूनच तयारी करावी लागेल म्हणा. आणि सत्कार २५ सप्टेंबरला, फार्मासिस्ट दिनीच करायचा असेल तर दुपारनंतर ठेवा. सकाळच्या ओपीडीत काउंटर सोडून हार घ्यायला कोण येणार?