म्हाकूळ पावला

तमिळनाडूत पेरंबलूरजवळ कारै नावाचं गाव आहे. तिथली घळी पडलेली चिकणमाती म्हणजे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. शेतमालकाला विचारून, टाळू भाजून घेत मी तिथून एक अमोनाइट, म्हणजे दगड झालेला वेटोळ्या शिंपल्याचा समुद्री जीव, आणला आणि परवा बेळगावात, आमच्याच अंगणात, तो घालवून बसलो. चोरी झाली असती तर निदान तक्रार देता आली असती.

बादलीत भिजत घातला होता. माती फुगून सुटली की जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासायचं. कवचाच्या आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथं बाहेरच्या कवचाला मिळतात तिथं पानांच्या नक्षीसारख्या रेषा असतात. त्यांवरून जात ओळखतात. पहिली रेष दिसायला आणि शेजारच्या काकू दारात यायला एकच गाठ पडली.

"देवाला ब्रश लावालाईस?"

"काकू, जीवाश्म आहे हा."

"शाळिग्राम हाय."

"शाळिग्राम गंडकीतला, तिकडं नेपाळात. काळा असतो. हा तपकिरी, बघा की."

"उन्हानं विटला असेल. किती लांबनं आणलास!"

राग याचा की बाई निम्म्या बरोबर होत्या. गंडकीच्या शाळिग्रामातही अमोनाइटच असतो. पण ते कबूल केलं असतं तर दगड तिथंच गेला असता. म्हणून मी ब्रह्मास्त्र काढलं. काकू माळकरी. म्हटलं, "हा म्हाकुळाच्या नात्यातला प्राणी."

काकूंनी पदर नाकाला लावला. "एकादशीला मासळी? आणि बादली आमची की रे ती!"

दोन मिनिटं मी जिंकलो होतो. काकू पायरी उतरल्या, थांबल्या, वळल्या. "मासळी तर मासळी. विष्णूचा पहिला अवतार कुठला?"

मी गप्प. आतून आई ओरडली, "मत्स्य!"

घरचीच माणसं अशी. दगड पदरात गुंडाळून काकू गेल्या, बादलीसकट.

बरं, दुसरा इथं शोधावा म्हटलं तर सोय नाही. आम्ही सीमाभागातले लोक १९५६ पासून आपण कुठल्या राज्यात यावर भांडतोय. पायाखाली काय आहे ते कोण बघणार? बेळगावच्या लाल जांभ्याखालचा काळा खडक लाव्हारसाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइट संपले तेही त्याच सुमारास. गोकाकच्या धबधब्याचा दगड त्याहून कैक पटींनी जुना. शिंपलेवाले जीव तेव्हा जन्मलेच नव्हते. एक फार लवकरचा, एक फार उशिराचा. म्हणजे पुन्हा रात्रभराचा प्रवास आणि पुन्हा ती टाळू.

आपल्याकडे दगडाला दोनच गती, शेंदूर नाहीतर जोतं. निरखून बघायचा म्हणून कुणी दगड घरात ठेवला की त्याच्या लग्नाचं बघायला लागतात.

काल काकूंच्या देवघरात डोकावलो. सगळ्या रेषांत गंध आणि तूप गच्च बसलंय. हात पुढं केला तर म्हणाल्या, "आंघोळ झालीय का?" झाली होती. तरी नाहीच. वर, "विहीणबाईंनाही एक पाहिजे म्हणालात्या. या खेपेला जरा काळा बघून आण."