मागची खुर्ची

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीत, फडके रोडला लागून असलेल्या एका बंद झेरॉक्स दुकानाच्या तीन पायऱ्या. रविवारी रात्री साडेनऊला जमायचं, अकराला उठायचं. गेल्या रविवारी साडेबारा वाजले. समोरच्या इमारतीतल्या आजींनी दोनदा खिडकी आपटली, तरी कोणी उठेना.

निमित्त साधं होतं. मंदार अंधेरीला म्युझिक प्रोग्रामिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर गाण्याचा ताल आणि वाद्यं बांधतो. त्याने नवं गाणं ऐकवलं, आणि गाणं चांगलं होतं. जयू फोन हातात घेऊन गाण्याखालची नावं वाचत बसली. ती सीए आहे, यादी दिसली की मोजतेच.

"मंद्या, सतरा नावं आहेत. गाणारी सोडली तर एक बाई नाही."

"मग? मी काय दारात उभा आहे का बायकांना हाकलायला?"

"मी तसं कुठे म्हटलं? मोजलं फक्त."

"अगं, त्यांना ते आवडतच नाही. रात्र रात्र स्नेअर ड्रमचा एकच ठोका ऐकत बसायचं, केबल गुंडाळायच्या. आणि आता तर लॅपटॉपवर सगळं होतं. कॉम्प्युटर विचारतो का, बाई आहेस की पुरुष? यायचं असेल त्यांनी यावं पुढे."

हे तो रेश्माच्या शेजारी बसून बोलला. रेश्मा सात वर्षं घरून ट्रॅक बनवते: मालिकांची शीर्षकगीतं, देवीची गाणी, हळदीची गाणी. ती काही बोलली नाही, चहाचा कप पायरीवर ठेवला.

जयू मात्र सुटली. "हे 'यावं पुढे' कुणी म्हटलं होतं माहितीये? २०१८ च्या ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांच्या समारंभानंतर, तो पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या अध्यक्षाने. बायकांनी पुढे पाऊल टाकायला हवं म्हणाला, आणि जगभर गदारोळ झाला. त्याच जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या एका विद्यापीठाने मोजदाद प्रसिद्ध केली होती. बिलबोर्ड मासिकाच्या वर्षअखेरच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांमधली ३०० गाणी, त्यांचे ६५१ प्रोड्यूसर, म्हणजे गाण्याचा आवाज घडवणारे. त्यात बायका २ टक्के. ४९ पुरुषांमागे एक. गायिका मात्र २२ टक्के. पुढे २०२३ मध्ये प्रोड्यूसर बायका ६.५ टक्क्यांवर गेल्या, तर केवढी बातमी झाली!"

"ती अमेरिका झाली."

"मग आपल्याकडचं सांगते. फिल्मफेअरचा संगीतकाराचा पुरस्कार १९५४ पासून आहे. बाईला पहिल्यांदा मिळाला २०२२ मध्ये, जसलीन रॉयलला. तोही इतर संगीतकारांबरोबर वाटून."

बापूकाका इतका वेळ ऐकत होते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, उमेदीच्या वर्षांत फिल्मी वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवायचे. ते म्हणाले, "पोरांनो, बायका नव्हत्याच असं नका म्हणू. बॉम्बे टॉकीज या स्टुडिओच्या सिनेमांचं संगीत अगदी सुरुवातीला, १९३५ पासून, सरस्वतीदेवी करत होत्या. मूळच्या खुर्शीद, पारशी. घरची बाई सिनेमात गेली म्हणून समाजाने केवढा विरोध केला, म्हणून नाव बदललं. उषा खन्नाचा पहिला सिनेमा १९५९ चा, तेव्हा ती विशीचीसुद्धा नव्हती. आणि आपल्या मराठीत आनंदघन!"

आनंदघनचं नाव निघालं की काकांचा आवाज बदलतो. लताबाईंनी त्या नावाने १९६३ ते १९६९ मध्ये चार मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा हा आनंदघन कोण, ते सगळ्यांसमोर आलं. मीना खडीकरांनी केलेली बालगीतं तर आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी होती, पण चाल कोणाची हे मला चाळिशीत कळलं. मला याची खंत वाटते.

"बघा!" मंदार म्हणाला. "ज्यांच्यात होतं त्यांना मिळालंच की."

काकांनी मान हलवली. "चाल मिळाली रे. चाल आणि संयोजन यात फरक आहे. आमच्या हॉलमध्ये चालीनंतरचं सगळं अरेंजरच्या हातात असायचं. व्हायोलिनने काय वाजवायचं, अॅकॉर्डियन कुठे शिरायचं, कोणत्या ओळीला सगळ्यांनी थांबायचं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, ही गोव्याची माणसं. ती नोटेशनचे कागद वाटायची, मग आम्हाला कळायचं गाणं काय आहे ते. त्या जागेवर बाई मी पाहिली नाही. साठ-सत्तर वादक असले, तर बाई असायची माइकसमोर. वादकांत आठवतात त्या सरोदवर झरीन दारूवाला."

इथे माझं एक मत मध्ये घालतो. तेव्हा संगीतकार, अरेंजर, रेकॉर्डिस्ट अशी तीन वेगळी माणसं होती. आज बरंचसं काम एकाच माणसाकडे आलं आहे. तोच ताल बांधतो, तोच वाद्यं निवडतो, गायिकेचा कोणता टेक ठेवायचा तेही तोच ठरवतो, शेवटचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवणं, तेही बऱ्याचदा त्याचंच. गाणं कसं ऐकू येणार याचा निकाल त्या एका खुर्चीत लागतो. म्हणून ती खुर्ची कोणाची, हा प्रश्न नुसत्या नोकऱ्यांच्या मोजणीचा नाही. आपल्या कानांवर काय पडणार, याचा आहे.

"त्या खुर्चीतला माणूस करतो म्हणजे नक्की काय?" मी रेश्माला विचारलं. मला माहीत होतं, पण तिने बोलावं असं वाटत होतं.

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. देवीचं गाणं होतं. आधी नुसती ढोलकी ऐकवली. मग तिच्याखाली एक जाड, दबका ठोका सोडला. जमिनीतून आल्यासारखा.

"हे काय आहे?"

"मिरची कांडप. स्टेशनजवळच्या गिरणीत फोनवर रेकॉर्ड केलं. लोखंडी मुसळं पडतात ना, तो आवाज दोन सूर खाली आणला. पण ढोलकीची धुम आणि हा ठोका एकमेकांवर चढत होते, गढूळ वाटत होतं. म्हणून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास याला कापलं. आता ऐक, ढोलकीची थाप तशीच ठेवलीय. कॉम्प्युटरच्या ग्रिडवर, म्हणजे मोजून आखलेल्या मात्रांवर, ओढली नाही. वाजवणारा दुसरी थाप जरासा मागे ठेवतो, ती सरळ केली की गाणं मेलं."

मंदारने हेडफोन घेतले. दोनदा ऐकलं. "कोणी केलं हे मिक्स?"

"मीच."

"अगं नाही, म्हणजे फायनल—"

"मीच, मंदार."

तो ओशाळला. हा प्रश्न तिला महिन्यातून दोनदा येतो. ट्रॅक पाठवला की समोरून फोन येतो, सर आहेत का? एका कंपनीने तर तिच्या गाण्याखाली संयोजक म्हणून शेवटची पातळी तपासणाऱ्या मुलाचं नाव टाकलं आणि तिचं नाव 'साहाय्य' या शब्दापुढे. तिने तीन ईमेल पाठवल्या. नाव बदललं चार महिन्यांनी, तोवर गाणं ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकून झालं होतं.

"हे माझ्या एकटीचं नाही," ती म्हणाली. "आइसलंडची गायिका ब्योर्क, तिने २०१५ मध्ये जाहीर मुलाखतीत हेच सांगितलं. वर्षानुवर्षं स्वतः बीट बांधल्या, लोकांनी श्रेय सोबतच्या पुरुषाला दिलं. बीबीसीत काम करणारी डेलिया डर्बिशायर घे. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत तिने ध्वनिफितीचे तुकडे कापून, एकेक सूर जोडून तयार केलं. ज्याची मूळ चाल होती तो स्वतः म्हणत होता, हिला निम्मं श्रेय द्या. बीबीसीचा नियम आडवा आला."

"श्रेयाचं चुकतंच, मान्य," मंदार म्हणाला. "पण ते आत आल्यानंतरचं. आतच का येत नाहीत, हा माझा मुद्दा आहे. मला तरी कोणी आयतं दिलं? तीन वर्षं घासलीयेत मी."

"कशी घासलीस ते सांग ना," रेश्मा म्हणाली.

तो मनापासून सांगू लागला. बावीस वर्षांचा होता. एका प्रोग्रामरकडे, त्याला तो आजही सर म्हणतो, जायला लागला. काम काही नव्हतं. सरांच्या मागे एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिथे बसायचं. चहा आणायचा, केबल गुंडाळायच्या, फाइलींना नावं द्यायची. रात्री दोनला सर अचानक मागे वळून विचारायचे, "तुला काय जास्त वाटतंय?" आणि तो सांगायचा, "हाय-हॅट," म्हणजे ड्रमसेटमधली झांजेची जोडी. कधी बरोबर, कधी चूक. पहाटे तिथल्याच सोफ्यावर झोपायचा, सकाळच्या पहिल्या मेट्रोने घाटकोपर, तिथून डोंबिवली. तीन वर्षांनी एकदा सरांना ताप आला आणि त्यांनी फोनवर सांगितलं, तू बस आज. तेव्हा तो पुढच्या खुर्चीत बसला.

ऐकताना मला भरून आलं होतं, कारण ती वर्षं मी पाहिली आहेत. त्याची आई काळजी करायची, पण तिने अडवलं नाही.

रेश्मा हळूच म्हणाली, "मी पण बावीसची होते. एकाकडे विचारलं होतं. तो चांगला माणूस होता. म्हणाला, ये की, पण आमचं काम रात्री अकरानंतर सुरू होतं. बाबांना विचारलंसुद्धा नाही मी. अंधेरीत एका खोलीत चार पुरुष, पहाटे चार, सोफा एकच. तूच सांग, तू तुझ्या बहिणीला पाठवलं असतंस?"

मंदार गप्प झाला.

"सॉफ्टवेअर माझ्याकडे तुझंच आहे. शिकवणारे व्हिडिओ हजार आहेत. पण 'तुला काय जास्त वाटतंय' हे मला कोणी विचारलं नाही. तू तीन वर्षांत जे शिकलास ते शिकायला मला सात लागली, एकटीने, चुकीचं ऐकत. आणि तुला काम कुठून येतं? त्या खोलीतल्याच चौघांकडून ना?"

यावर काका जे बोलले ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "बॉम्बे टॉकीजमध्ये सगळे पगारावर होते, बरं का. नेमणूक, हजेरी, कामाची वेळ. सरस्वतीदेवींना कोणाच्या मागे रात्रभर बसावं लागलं नाही."

मी घरी येऊन यावर बराच विचार केला. डर्बिशायर बीबीसीच्या नोकरीत होती. ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम प्रोड्यूसरचा पुरस्कार सत्तरच्या दशकापासून आहे. पॉप-रॉकच्या बाजूला तो आजवर एकाही बाईला मिळालेला नाही, पण शास्त्रीय संगीताच्या बाजूला ज्युडिथ शर्मनला अनेकदा मिळाला. ती घडली न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रात काम करत. उषा खन्नाला निर्माते शशधर मुखर्जींनी रोज दोन चाली करून आणायला सांगितल्या होत्या, म्हणजे तिलाही रोज कोणीतरी ऐकत होतं. जिथे शिकण्याची जागा नेमून दिलेली होती तिथे बाई पोचली. जिथे ती ओळखीवर, मैत्रीवर, रात्रीच्या सोफ्यावर ठरते तिथे नाही पोचली. आवड नाही, तांत्रिक डोकं नाही, ही कारणं मी यापुढे कोणाकडून ऐकून घेणार नाही. स्नेहा खानवलकर इंदूरची. बिहारच्या गावांत आणि पार त्रिनिदादला रेकॉर्डर घेऊन फिरली, आणि २०१२ मध्ये 'गँग्ज ऑफ वासेपूर'चं संगीत उभं केलं. आवड याहून वेगळी कशी असते?

आणि हे सगळं अंधेरीतच सुरू होतं असंही नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पंधरा वर्षं साउंड मी बघतो. स्टेजवर मुली गातात. मिक्सरपाशी माझ्याजवळ कायम मुलगे. "चल रे, ती वायर धर," असं मी आजवर एकाही मुलीला म्हटलेलं नाही. कोणी मनाई केली नव्हती, मला सुचलंच नाही. त्या पोरांपैकी दोघे आज लाइव्ह साउंडमध्ये कमावतात. हे मी कट्ट्यावर बोललो तेव्हा जयू म्हणाली, "यंदा मुलींना आधी बोलव." बोलावणार आहे.

जयूचं म्हणणं, बायकांसाठी वेगळी शिबिरं, वेगळ्या जागा हव्यात. रेश्माला ते पटत नाही. "महिला दिनाला 'महिला संगीतकार विशेष' म्हणून बोलावतात, हार घालतात, नऊ मार्चला फोन बंद. मला वेगळी खोली नको. तीच खोली हवी, दिवसा." त्यावर दोघींची चांगलीच जुंपली. जयू म्हणत होती, आधी संख्या तर वाढू दे. मला दोघींचं थोडं थोडं पटलं, पण रेश्माचं जास्त.

बारा वाजून गेले होते. मंदार मघापासून फोन चाळत होता. गेल्या चार वर्षांत त्याच्या मागच्या खुर्चीत बसलेली नावं बघत होता. पाच मुलगे. त्याने ते आपणहून सांगितलं.

मग म्हणाला, "रेश्मा, शनिवारी माझं एक काम आहे. सकाळी अकराला लावतो, सातला संपवू. तो कांडपचा आवाज हवाय मला. येशील?"

"मागच्या खुर्चीवर?"

"नाही गं. बाजूला."

"नाव काय लागेल?"

"संयोजन. दोघांचं."

"लिहून पाठव."

"अगं, मी सांगतोय ना..."

"मंदार, लिहून पाठव."

काका उठून पँट झटकत होते. मंदार पायरीवर बसून टाइप करायला लागला, आणि त्याचं होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच थांबलो.