‘एवढ्याशा खाजेला स्पेशालिस्ट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, कमेंट उडवलेली नाहीये, उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जांघेतल्या गजकर्णावर बाईमाणसाने चारचौघांत लिहायचं कारण नव्हतं, आणि मेडिकलमधली स्वस्तातली ट्यूब दोन दिवसांत काम करत असताना मी लोकांना स्किनवाल्याकडे पाठवून उगाच खर्चात पाडतेय.

बाईमाणसाचं आधी सांगते. बायकांनाही होतं हो! परकराची नाडी जिथे करकचून बांधतो तिथे, छातीखाली, जांघेत, आणि स्वयंपाकघरात घामाने भिजलेला तो कमरेचा पट्टा दिवसभर तसाच असतो, त्यात घरात चौघांना मिळून दोन टॉवेल. ना सासूला सांगणार ना नवऱ्याला, मग लिहू नको तर काय करू?

आता ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते हे शंभर टक्के खरंय आणि खरी गोम तिथेच आहे. गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी, आणि या मिक्स ट्यूबांमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर स्टिरॉइड असतं, बऱ्याचदा क्लोबेटासोल, जे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जोरदार समजतात. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते पण बुरशी मरत नाही, उलट अंगाचा प्रतिकारच थंड पडल्यावर ती निवांत पसरते, ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते, की परत ट्यूब. मग चट्ट्याची कड पुसट होते, गोलात गोल दिसायला लागतात. जांघेतली कातडी मुळात पातळ, वर घडीत झाकलेली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं आणि बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे चरे उठतात, ते काही जात नाहीत.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं? माणूस बाकीची गिऱ्हाइकं जायची वाट बघतो, आधी तापाची गोळी मागतो, मग हळूच ‘खाजेवर काहीतरी द्या’. दुकानदार मान वर न करता ड्रॉवरमधून ट्यूब काढून कागदात गुंडाळून देतो, कुठे झालंय, कधीपासून, काही विचारत नाही, आणि त्याने विचारू नये हेच तर गिऱ्हाइकाला हवं असतं. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल संघटनेला या गैरवापराविरुद्ध टास्क फोर्स काढावा लागला तो उगाच नाही. शिवाय ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आता आपल्याकडे बोकाळलीये (नावातच आपला देश आहे, काय तो मान!), तिच्यावर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्याही बऱ्याचदा चालत नाहीत.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे, प्रायव्हेटची फी सगळ्यांना झेपत नाही. पण 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत, म्हणजे सिव्हिलमध्येसुद्धा, तपासणी-उपचार फुकट आहेत. अडचण पैशापेक्षा पाटीची जास्त, ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असं लिहिलेलं असतं आणि ओळखीचं कोणी त्या बाकावर बसलेलं बघेल म्हणून माणसं पाटी वाचूनच मागे फिरतात. आत होतं काय तर, चट्ट्याच्या कडेला ब्लेडने हलकंसं खरवडतात, दुखत नाही, तो भुसा काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात. डॉक्टरांनी अशा जांघा दिवसभर बघितलेल्या असतात, तुमची लक्षातही राहणार नाही. लेडी डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगायचं.

तुम्हीच लिहिलंय की ‘दर पावसाळ्यात थोडं येतं, ट्यूब लावली की जातं’. दादा, ते जात नाहीये. ती ट्यूब खिशात घालून घेऊन जा आणि किती महिने लावताय ते खरं सांगा. बंद केल्यावर काही दिवस जास्त लाल होईल, घाबरून परत लावू नका. डॉक्टर देतील ते मलम चट्ट्याच्या बाहेरही बोट-दीड बोट लावायचं आणि दिसेनासं झालं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. घरात अजून कोणी खाजवत असेल तर त्यांनाही सोबत न्या, टॉवेल वेगळे करा, चड्ड्या उलट्या करून उन्हात टाका, ऊन नसेल तर इस्त्री मारा. आणि कमरेला करदोडा असेल तर सध्या काढून ठेवा, घामाने ओला तो दोरा कायम त्याच जागी घासत असतो. आई ओरडली तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.