बोल्ट आवळतात, केंद्र धरत नाहीत : अ‍ॅडाप्टर प्लेटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हॉट रॉडच्या (जुन्या गाडीला जास्त ताकदीचं इंजिन बसवून केलेली गाडी) अ‍ॅडाप्टर प्लेटवरच्या, म्हणजे इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स जोडणाऱ्या प्लेटवरच्या लेखाखाली तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : २० मिमी जाड प्लेट आणि सहा बोल्ट असताना डॉवेल पिना (दोन भाग नेमक्या जागी धरणाऱ्या घट्ट पिना) आणि डायल गेज (मिमीचे शतांश दाखवणारं घड्याळी माप) ही उगाच वाढवलेली कामं आहेत, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा) जाड पाइपचा करून घरी वेल्ड केला की बॅलन्सिंग लागत नाही, तुमचा शाफ्ट ताशी ८० किमीपर्यंत काहीही त्रास देत नाही, आणि शाफ्टच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचा कोन शून्य ठेवणं सगळ्यात उत्तम.

घरी वेल्ड करण्याला माझी हरकत नाही, मूळ लेखातही नव्हती. बाकीच्या मुद्द्यांत मात्र तुम्ही मजबुतीला उत्तर देताय आणि प्रश्न केंद्र जुळण्याचा आहे.

एम१० बोल्टसाठी आपण ११ मिमीचं भोक पाडतो. म्हणजे आवळण्याआधी गिअरबॉक्स कुठल्याही बाजूला अर्धा मिमी सरकू शकतो आणि जिथे बसला असेल तिथेच पक्का होतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांच्या अक्षांत खपून जाणारा फरक आहे साधारण ०.१२५ मिमी, डायलवर एकूण ०.२५ (पूर्ण फेऱ्यात चूक दुप्पट दिसते). म्हणजे नुसत्या बोल्टांवर भिस्त ठेवली तर मर्यादेच्या चौपट चूक सहज होते. प्लेट ४० मिमीची केली तरी भोकातली ती मोकळी जागा तेवढीच राहते.

परिणाम लगेच दिसत नाही, म्हणूनच हे काम सोडून देण्याचा मोह होतो. क्लच प्लेटची फेसिंग (घर्षणाचं अस्तर) क्रँकवरच्या फ्लायव्हीलला दाबलेली, तिचा हब (मधला भाग) इनपुट शाफ्टवर. अक्ष जुळत नसले की हब दर फेऱ्याला एकदा आडवा ओढला जातो; ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा. आधी पायलट बुशचं (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टचं टोक धरणाऱ्या बेअरिंगचं) भोक मोठं होतं. मग क्लच पूर्ण दाबूनही नीट सुटत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते. नंतर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करू लागतं आणि शेवटी क्लच प्लेटचा हब रिव्हेटांपाशी तडकतो. लोक क्लच बदलतात, कारण बिघाड तिथे दिसतो. नवीन क्लचही त्याच वाटेने जातो.

डायल लावायची पद्धत. प्लेटच्या इंजिनाकडच्या डॉवेल आधी पूर्ण करा. गिअरबॉक्सच्या बाजूच्या डॉवेलची भोकं अजून पाडू नका. बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं घंटेसारखं आवरण, गिअरबॉक्स त्यालाच बसतो) बोल्टवर हलकं आवळा, डायलचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर बसवा आणि टोक बेलहाउसिंगच्या ज्या बोअरमध्ये गिअरबॉक्सची कॉलर बसते त्या बोअरला टेकवा. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवा, वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे आकडा लिहून घ्या. वर-खाली आकड्यांच्या फरकाचा निम्मा म्हणजे उभी चूक, डाव्या-उजव्याचा निम्मा म्हणजे आडवी. रबरी हातोडीने तेवढं सरकवा, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा, पुन्हा मोजा. आवळताना हाउसिंग थोडं सरकतंच, त्यामुळे शेवटचं माप पूर्ण टॉर्कवरचंच धरा. मग बेलहाउसिंग आणि प्लेट एकत्र धरूनच, एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबच्या दोन जागी भोकं पाडा : १२ मिमीच्या पिनेसाठी ११.७५चं ड्रिल, मग एच७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार).

दोन गोष्टी इथे हमखास फसवतात. डायलचा लांब हात स्वतःच्या वजनाने झुकतो आणि वर-खालीचे आकडे खोटे येतात. तोच हात, तेवढाच लांब, एका सरळ जाड बारवर बसवून बार आडवा धरून उलटा फिरवा, किती झुकतो ते कळेल, तेवढं वजा करा. दुसरं, हाउसिंगचा पृष्ठभाग तिरका आहे का हे पाहताना क्रँकचा एंड प्ले (लांबीच्या दिशेने मागेपुढे होण्याची मोकळीक) वाचनात मिसळतो. दर वाचनाला क्रँक एकाच बाजूला ढकलून धरा. बेलहाउसिंग गिअरबॉक्सशी एकसंध ओतलेलं असेल तर गिअरबॉक्स रिकामा करून पुढच्या बेअरिंगच्या बोअरला टोक टेकवावं लागतं. काम वाढतं, पण त्याला पर्याय नाही.

प्लेटच्या जाडीचंही तसंच. ती आपल्या मर्जीवर ठरत नाही, इनपुट शाफ्टच्या लांबीवर ठरते. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पूर्ण रुंदीभर बसायला हवं, पण क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. २-३ मिमी मोकळं हवं. तुमच्या २० मिमी प्लेटने टोक तेवढंच मागे गेलं. ते भरून काढायला क्रँकला स्पेसर लावला असेल तर तो क्रँकच्या गोल खांद्यावर बसतोय का, की फक्त बोल्टांवर लटकतोय, हे आधी तपासा. स्टार्टर बेलहाउसिंगवर असेल तर फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरपासून त्याचं अंतरही बदललेलं असणार.

आता शाफ्ट. ७६ मिमी व्यासाचा, २.१ मिमी भिंतीचा, १.४ मीटर लांबीचा पोलादी पाइप घ्या. कागदावर त्याचा पहिला क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला शाफ्ट स्वतःच वाकून जोरात थरथरू लागतो) ६४०० आरपीएमच्या आसपास येतो. त्याच्या ७० टक्के, म्हणजे साधारण ४५०० पर्यंतच फिरवावा. भिंत ३.५ मिमी केली तर शाफ्ट जड होतो आणि हा आकडा वाढत नाही, उलट किंचित उतरतो. व्यास ९० केला तर मात्र ७६००च्या आसपास जातो. लांबी १.२ मीटरवर आणली तर मूळ पाइपही ८७००ला पोचतो. जाड पाइपाने टॉर्क पेलतो, फिरताना येणारी कंपनं थांबत नाहीत.

ताशी ८०ला काही जाणवत नाही, कारण असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३.७ रेशोचा डिफरन्शिअल आणि २ मीटर परिघाचं टायर धरलं, तर ८०ला शाफ्ट सुमारे २४७० आरपीएमने फिरतो, १२०ला ३७००ने. ३८ मिमी त्रिज्येवर २० ग्रॅम जास्तीचं वजन ८०ला ५१ न्यूटनने ओढतं, १२०ला ११४ने. हा धक्का गिअरबॉक्सच्या मागच्या बुशला आणि ऑइल सीलला बसतो, सीटला फार उशिरा कळतो. जी१६ या बॅलन्सिंगच्या दर्जाने, ४००० आरपीएमला, ८ किलोच्या शाफ्टला प्रत्येक टोकाला सुमारे १५० ग्रॅम-मिमी एवढीच सूट मिळते, म्हणजे पाइपच्या पृष्ठभागावर ४ ग्रॅम. वेल्ड करताना योक (जॉइंट धरणारं दोन फाट्यांचं टोक) तिरका बसून त्या टोकाकडचं ३ किलो वस्तुमान ०.२५ मिमीने सरकलं, तर ७५० ग्रॅम-मिमी झालं. मेजर टेपला पाव मिमी दिसत नाही.

म्हणून घरी करायचं ते असं. जुना वेल्ड लेथवर उतरवा, गॅसने कापू नका. कापण्याआधी पाइपवर सरळ रेघ मारून दोन्ही योकची जागा नोंदवा, नाहीतर फेज (दोन्ही योकची एकमेकांशी जुळलेली दिशा) जातो. योक पाइपमध्ये दाबाने बसला पाहिजे; सैल बसत असेल तर तो पाइप त्या योकचा नाही. समोरासमोर चार टाके मारा, डायल लावा, ठोकून सरळ करा, मग पूर्ण वेल्ड. वेल्डपासून ७५ मिमीवर डायलचं एकूण वाचन ०.२५च्या आत आणि मध्यावर ०.३८च्या आत यायला हवं. पाण्याने थंड करू नका. त्यानंतर बॅलन्सिंगला द्यायचाच.

लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. स्लिप योक (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर मागेपुढे सरकणारा योक) पूर्ण आत ढकलून २०-२५ मिमी बाहेर ओढा, ती जागा धरा.

शून्य कोनात जॉइंटच्या क्रॉसमधले सुईसारखे रोलर गोल फिरतच नाहीत. एकाच जागी दाबले जातात आणि क्रॉसच्या दांड्यावर रेघा कोरतात. दोन्ही जॉइंटना १ ते ३ अंश ठेवा आणि दोन्ही कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पिनियनचं (डिफरन्शिअलच्या पुढच्या शाफ्टचं) तोंड वर उचलतं. उभ्या गाडीत ते अंश-दोन अंश खाली ठेवा.

तुम्ही शेवटी अ‍ॅक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा) मध्ये कापून, बाही घालून वेल्ड करण्याचं सुचवलंत. ते कृपा करून करू नका, आणि इथे वाचणाऱ्या कुणीही करू नये. तो शाफ्ट उष्णतेने कडक केलेला असतो, वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि तुटतो तेव्हा चाक सुटू शकतं. आखूड अ‍ॅक्सल हवा असेल तर टोक कापून नवीन स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दाते) पाडून घ्यायच्या. त्या लांबीत पुरेसा जाड आणि कडक भाग शिल्लक नसेल तर नवीन शाफ्ट. जॉइंट तुटला तर शाफ्ट खाली पडू नये म्हणून प्रोपेलर शाफ्टखाली लूपही लावा : एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात पाव इंच जाड, दोन इंच रुंद पोलादी पट्टी, पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत.

तुमचा गिअरबॉक्स अजून खाली उतरवलेला आहे असं लिहिलंय, तर हीच वेळ आहे. चारही जागांचे आकडे घेऊन इथे टाका, सोबत डॉवेलचा व्यास लिहा. डॉवेलची भोकं आधीच पाडली असतील तरी अडत नाही : ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या ऑफसेट (केंद्र तेवढं एका बाजूला सरकवलेल्या) डॉवेल मिळतात, त्यातली कुठली आणि कुठल्या दिशेला फिरवायची ते आकड्यांवरून सांगता येईल.