आमची दारू सोडवायचीय? सोप्पंय!

मी ट्रान्सजेंडर बाई. गेल्या मंगळवारी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आले. स्वतःच्या पायांनी; अकरा दिवस कोरडे काढून, बारावा जड जाईल म्हणून. तिथे शिकलेलं समस्त शुभचिंतकांच्या सेवेत.

सुरुवात फॉर्मपासून. 'पुरुष', 'स्त्री', बास. 2014 साली सुप्रीम कोर्टाने 'नालसा' खटल्याच्या निकालात तिसरं लिंग मानलं खरं, पण झेरॉक्सचा जुना गठ्ठा संपल्याशिवाय नवा फॉर्म काढायचा नाही.

नाव जुनंच पुकारा. तीनदा. बाकावरच्या आजी पदर सावरून सरकेपर्यंत.

आता दाखल करून घेणं. इथे खरं कसब. पुरुषांचा वॉर्ड सुचवा. आलेली बाई नको म्हणाली तर बायकांच्या वॉर्डातले नातेवाईक हरकत घेतील म्हणा (विचारलंय कुणी त्यांना?). तिने कलेक्टरकडचं ओळखपत्र काढलं, 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली मिळालेलं, तर चष्मा कपाळावर सारून दोन्ही बाजू बघा. "ह्यावर ट्रान्सजेंडर लिहिलंय, आमच्याकडे तसा वॉर्ड नाही." वेगळी खोली? "ती स्टोअररूम आहे." साहेब? "जेवायला गेलेत." साहेब पावणेदोन तास जेवत होते! तेवढ्या वेळात मी भिंतीवरचं 'दारू सोडा, संसार जोडा' सतरा वेळा वाचलं. कुठला संसार? भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नाही!

समुपदेशन एका वाक्यात उरका: "आधी ही साडी सोडा, दारू आपोआप सुटेल."

नोकरी देऊ नका. मग 'हे लोक पितातच' म्हणायला मोकळे.

अशा वागणुकीने येणाऱ्या ताणाला मानसशास्त्रात 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणतात. इलान मायर ह्यांनी 2003 साली समलिंगी लोकांबद्दल तो सविस्तर मांडला, पुढे आम्हालाही लावला गेला. घरच्या मराठीत सांगायचं तर रिक्षात बसल्यापासून घरी कडी लावेपर्यंत अंग आखडून ठेवायचं. चपटीने ते तासभर सैल पडतं. मग सकाळी दुप्पट आखडतं.

परतताना नाक्यावरच्या वाइन शॉपात शिरले. खोटं कशाला बोलू? काउंटरवरच्या पोराने ना फॉर्म दिला, ना कार्ड मागितलं. "काय देऊ, ताई?"

सोडा घेतला. नुसता.

अहो, लाज वाटू द्या जरा! दारू विकणाऱ्याला 'ताई' म्हणता येतं, सोडवणाऱ्याला येत नाही? फॉर्मवर तिसरी चौकट आखायला पट्टी नि पेन लागतं. स्टोअररूममधली खोकी हलवायला दोन माणसं. पुढच्या मंगळवारी मी परत येणार आहे. त्याआधी हलवून ठेवा.