त्याला वेड नव्हतं लागलं!

आज भाचीची दहावीची उजळणी घेत बसले होते. सीबीएसईला तो धडा आहे ना, 'फूटप्रिंट्स विदाउट फीट', एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मधला. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये काय, तर कादंबरीतल्या शास्त्रज्ञ ग्रिफिनला अदृश्य व्हायची ताकद मिळाली आणि तिने त्याला वेडं केलं. एवढं पाठ करा, मार्क घ्या. अशी तिडीक गेली डोक्यात!

अहो, अदृश्य व्हायच्या आधीच या माणसाने प्रयोगापायी बापाचे पैसे चोरलेत. ते बापाचेसुद्धा नव्हते, बापाने गोळी झाडून घेतली, आणि हा अंत्यविधीला जाऊन आला तरी याला काहीच वाटलं नाही. तेव्हा चांगला दिसत होता की सगळ्यांना! धड्यात हे नाहीच, मग पोरांना कळणार कसं.

आणि ती मांजर. स्वतःआधी तो एका पांढऱ्या मांजरीवर प्रयोग करतो, ती बिचारी ओरडत राहते, सगळी दिसेनाशी होते तरी डोळ्यांची चमक तेवढी उरते. खाली राहणारी म्हातारी दार वाजवते, माझी मांजर आहे का इथे? जगात तेवढंच एक होतं तिचं. हा अगदी नम्रपणे म्हणतो, इथे नाही.

हे वाचलं की मला आमचा वाडा आठवतो. वरच्या काकू एकट्या, त्यांची मनी. वाड्यातल्याच एका कॉलेजातल्या मुलाने तिला पोत्यात घालून सायकलवरून कुठेतरी नेऊन सोडलं. संध्याकाळी काकू दुधाची वाटी घेऊन मने मने करत फिरत होत्या, तर हाच पुढे होऊन म्हणाला, नाही हो काकू, दिसली नाही. काकूंना भाजी आणून देणारा मुलगा! त्याच्याकडे कुठली आली होती ताकद?

1897 ची कादंबरी आहे ही. 1933 च्या सिनेमात मोनोकेन नावाच्या औषधाने त्याचं डोकं फिरतं असं दाखवलं, झालं, सुटला माणूस. वेल्सने असलं कुठलंही औषध दिलेलं नाही त्याला. बरं, मान्य, लंडनच्या थंडीत उघडं फिरायचं, खाल्लेलं पचेपर्यंत पोटात दिसतंय, बर्फ पडला की आकार उमटतोय, अशात माणूस सैरभैर होईल. पण दहशतीचं राज्य आणायची स्वप्नं त्यातून येत नाहीत. घरी जेवायला निघालेल्या विकस्टीड नावाच्या निरुपद्रवी माणसाला लोखंडी गजाने ठेचावंसं वाटत नाही, जसं ग्रिफिनने ठेचलं.

भाचीला मूळ पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं. मांजरीवरच्या प्रयोगानंतर चार दिवसांनी लंडनच्या ग्रेट टिचफील्ड स्ट्रीटवर लोक जमलेत, गटारीच्या जाळीखालून म्यांव ऐकू येतंय आणि कोणालाच काही दिसत नाही. पुढे वाचवेना मला.

सुतळीने तोंड बांधलेलं ते पोतं कॅरियरवर हलताना मी बघितलं होतं हो. नववीत होते. बोलले नाही कोणाला. काकू किती दिवस दाराबाहेर वाटी ठेवायच्या, दुधाला मुंग्या लागायच्या, आणि मी शाळेत जाताना ती वाटी ओलांडून जिना उतरायचे.